नाव न घेता

फाटक वाजलं तेव्हा जिपारा तळायच्या बोरसोकांसाठी मळलेल्या पिठाच्या वड्या कापत होती, आणि शनिवारची सकाळ असल्यामुळे तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की कुणाचा तरी प्रिंटर बिघडला असणार. गल्लीत सगळ्यांना एवढंच माहीत होतं की म्हाताऱ्या कोमुझवाल्याची सून संगणकावर काहीतरी करते. त्यामुळे प्रिंटर, फोन, पासपोर्टाचे फोटो, एकदा तर शिवणयंत्रसुद्धा तिच्या दारात आलं होतं. पण फाटकात उभा होता तो कुणी शेजारी नव्हता. डोंगरातल्या नारिनकडचा असावा, कानांपर्यंत ओढलेली टोपी, थंडीने फुटलेले गाल, आणि काखेत दुलईत गुंडाळलेलं तान्हं मूल धरावं तसं काहीतरी धरलेलं. तो आत आला, बूट काढले, जेवणाच्या पसरलेल्या कापडापाशी मांडी घालून बसला आणि चहाला हात न लावता त्याने गुंडाळी सोडली. आत कोमुझ होता, तीन तारांचं लाकडी वाद्य, मानेपासून पोटापर्यंत उभा चिरलेला. फटीतून पिवळा गोंद दिसत होता. "उस्ताद, रागावू नका," तो सासऱ्यांना म्हणाला, "पोरीची संगीत शाळेची परीक्षा आहे. शेगडीजवळ ठेवला नव्हता, आपटला नव्हता. वाजवता वाजवता कट् झालं. तुमच्या हातचा आणि असा कसा निघाला?" सासऱ्यांनी वाद्य उचललं, उलटं केलं, नखाने टिचकी मारली, आणि चुकून दुसऱ्याचा बूट पायात घातल्यावर काढून ठेवावा तसं परत ठेवलं. "हा माझा नाही." "नाव तुमचंच आहे की." "माझा नाही म्हटलं ना." "अहो, फोनमध्ये तुमचं नाव टाकलं, सगळ्यात वर दुकान आलं, त्या दुकानातून आणला. सगळ्यात वर येतं ते खोटं कसं असेल?" आणि एवढं बोलून तो मदतीच्या आशेने जिपाराकडे बघायला लागला, जणू घरातलं शिकलेलं माणूस तरी त्याची बाजू घेईल.

सगळ्यात वर येतं ते खोटं कसं असेल. हे वाक्य तिच्या डोक्यात शिरलं ते दिवसभर निघेना. तिची सगळी भाकरी या वाक्यावर शेकलेली होती. दंतवैद्य, खिडक्या बसवणारे, लोखंडी दारं विकणारे, लग्नाचे हॉल, या सगळ्यांची पानं शोधाच्या यादीत वर चढवणं हे तिचं काम. लोक काय विचारतील ते लोकांच्याही आधी ओळखायचं आणि तेच शब्द पानाच्या मथळ्यात, चित्राखाली, कुणाला न दिसणाऱ्या वर्णनात पेरून ठेवायचे. किरगिझ अक्षरं रशियन कळफलकावर सापडत नाहीत म्हणून लोक चुकीचं लिहितात, तर त्या चुकाही पेरायच्या. हे सासूबाईंना, म्हणजे एनेंना, तिने कितीदा समजावलं होतं. एने ऐकून घ्यायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून दुकानांच्या पाट्या वर टांगते." आणि पाहुणे म्हणायचे, एवढ्याशा बाईला शिडीवर चढवतात, काय हे. जिपारा मग पुन्हा समजावायला जायची नाही. तिच्या आयुष्यातला बराचसा भाग असा, समजावायला न जाण्यात गेला होता.

सासऱ्यांचं नाव मात्र तिने कधी कुठे पेरलं नव्हतं. ते तिला घेताच येत नव्हतं. सुनेने सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, दिराचं घ्यायचं नाही, आणि त्या नावाशी मिळताजुळता रोजचा शब्द असेल तर तोही टाळायचा. तिची आई शाळेत शिकवायची, ती म्हणाली होती, "कुठल्या जमान्यात जाऊन पडलीस गं?" जिपारालाही लग्नात वाटलं होतं की महिना-दोन महिने गंमत म्हणून पाळू. पण सासऱ्यांचं नाव ज्या शब्दापासून आलं तो शब्द होता थांबण्याचा. त्यांच्या आधीची भावंडं एकामागून एक गेली, म्हणून आईने याचं नाव ठेवलं ते असं, की हा तरी थांबो, टिको. त्यामुळे या घरात सून म्हणून आलेल्या बाईला 'थांब' म्हणायची सोय उरली नाही. पहिल्याच हिवाळ्यात ती एनेंबरोबर बाजारातून छोट्या बसने परत येत होती, उतरायचं ठिकाण मागे पडायला लागलं, एने शेजारी बसलेल्या, आणि सगळा गाव जो शब्द ओरडतो तो तिच्या तोंडाशी येऊन अडकला. शेवटी ती म्हणाली, "ड्रायव्हरदादा, आम्हाला इथेच सांडून टाका." बस हसली. एनेही डोक्याच्या रुमालात तोंड लपवून हसल्या, आणि या बाईला हसता येतं हे जिपाराला तेव्हा कळलं. पुढे सवयच झाली. दूध उतू जाताना, मूल रस्त्याकडे पळताना, नवरा फोन ठेवताना, तो शब्द तिच्या जिभेवर यायचाच नाही. त्याच्या जागी एक छोटी पोकळी यायची आणि ती पोकळी ओलांडून ती दुसऱ्या कुठल्यातरी शब्दावर उडी मारायची. लोकांना ती जरा अडखळत बोलणारी वाटायची.

नारिनचा माणूस चिरलेला कोमुझ तिथेच ठेवून गेला. चिडून नाही, उदास होऊन गेला, आणि ते जास्त वाईट होतं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी अंगणातल्या शेडला कुलूप घातलं, पटाशा आणि रंधे पोत्यात बांधले आणि शेगडीपाशी बसून टीव्हीवर कुस्त्या बघायला लागले. सोमवारीही तेच. जर्दाळूचं अर्धवट कोरलेलं लाकूड शेडमध्ये तसंच पडून राहिलं. "अताके, चहा," जिपारा म्हणायची. ते पेला घ्यायचे. ती पुढे काही विचारायच्या आत ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदाच म्हणाले, तेही पडद्याकडे बघतच: "नाव एकदा घाण झालं की हात धुऊन काय उपयोग." एने स्वयंपाकघरात ताटं आपटत होत्या. "कुस्ती बघतो म्हणे. स्वतः लढायचं सोडून." नवरा ट्रक घेऊन सायबेरियाच्या वाटेवर होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुझंच तर काम आहे हे. कर ना काहीतरी." आणि लाइन गेली. तुझंच काम. बारा महिने या कामाची टिंगल करायची, आणि गळ्याशी आलं की तुझंच काम.

ऑफिसात तिने ते पान उघडलं. 'आसिल कोल' नावाचं दुकान, शहरातल्या मोठ्या बाजारसंकुलात. वाद्यं, टोप्या, फेल्टच्या चपला, फ्रिजवर लावायची चुंबकाची चित्रं. तिने ते पान एकदा वाचलं आणि तिला कळेना की हे वर का येतं. तिच्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर पान सामान्य होतं. दुसऱ्यांदा वाचलं. बाहेर कोळशाच्या धुराने शहर राखाडी झालं होतं, समोरच्या इमारतीचा फक्त खालचा भाग दिसत होता, आणि तिच्या मागे कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये मासा गरम करत होतं. तिसऱ्यांदा तिने पडद्यावर बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं, शब्द शब्द करत वाचलं, आणि तेव्हा ते दिसलं. मथळ्यात होतं. पहिल्या ओळीत होतं. प्रत्येक चित्राखाली होतं. सगळ्या पानभर सासऱ्यांच्या नावाचे खिळे ठोकलेले होते, आणि तिची नजर दर वेळी त्यावरून घसरत होती, जीभ घसरायची तशीच. हा नेम डोळ्यांपर्यंत पोचला आहे हे तिला माहीत नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला, मग सासऱ्यांचा, मग त्या आईचा, जिने पोराचं नाव एखादं साधं, 'सफरचंद' किंवा 'घोडा' असं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं. आणि मग तिला ते वाक्य ओळखू आलं. 'पिढ्यान्‌पिढ्यांची ऊब, एका तारेच्या अंतरावर.' ही 'ऊब' तिच्या ओळखीची होती. लोखंडी दारांच्या पानावरही ती होती, दंतवैद्याच्याही. ती शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या इल्गिझची ऊब होती.

"इल्गिझ, हे पान तुझं?"

"आसिल कोल? हो. मस्त चढलंय ना?" तो कानातल्या इअरफोनची एक गुंडी काढून म्हणाला.

"यातलं ते नाव काढ."

"कुठलं नाव, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणायचा.

"पहिल्या ओळीतलं. मथळ्यातलं. सगळीकडचं."

"कुठलं ते वाचून दाखवा ना."

"मला वाचता येत नाही ते."

इल्गिझने तिच्या चष्म्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने कोमुझ बनवणाऱ्यांची नावं काढली, त्यात जे लोक सगळ्यात जास्त शोधतात ते उचललं, आणि ज्याचं नाव आहे तो माणूस जिवंत असून शहराच्या टोकाला शेगडीपाशी बसलेला आहे असा विचार त्याच्या मनात आलाच नाही. जिपारा ही सगळी साखळी त्याच्याऐवजी स्वतःच मनात जोडत गेली, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येईना. तेवढ्यात एर्मेक बायके त्यांच्या केबिनमधून मासा गरम झाला का बघायला बाहेर आले. ऑफिस त्यांचं होतं, म्हणून मानाने 'बायके'. सगळ्यांना ते 'कुटुंब' म्हणायचे आणि म्हणून सुट्टी द्यायचे नाहीत.

"काय चाललंय?"

"बायके, या दुकानात विकतात ते कोमुझ त्या माणसाचे नाहीत. नाव वापरलंय फक्त."

"असं नाव अर्ध्या देशातल्या म्हाताऱ्यांचं असतं, जिपारा. कुठल्या म्हाताऱ्याचं हे कुणी सिद्ध करायचं?"

"आमच्या अताकेंचं आहे."

एर्मेक बायके हसले. त्यांना अचानक एक खेळ सापडला होता. "असं? मग सांग की. काय नाव तुझ्या सासऱ्यांचं?"

तेही किरगिझ होते. त्यांची स्वतःची बायको त्यांच्या बापाला 'घरातले थोरले' म्हणायची, आणि घरी कुणी वेगळं म्हटलं असतं तर त्यांनीच आधी डोळे वटारले असते. जिपाराला वाटलं, घ्यावं. इथे कोण आहे? एने नाहीत. अताके नाहीत. चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, प्लास्टिकची झाडं, तिने पैसे देऊन केलेला चष्मा, तिची विद्यापीठाची पदवी. तिने तोंड उघडलं. जीभ टाळूपर्यंत गेली आणि तिथेच राहिली. घाबरून नाही, घाबरायला काही नव्हतंच. ते नाव घेण्याची वेळ आली आहे ती या माणसाच्या गमतीसाठी, आणि इतकी वर्षं ज्या पोकळीवरून ती उड्या मारत आली ती पोकळी याच्या मायक्रोवेव्हच्या बाजूला उभं राहून भरायची, या विचाराने तिला कसंतरीच झालं. तोंड मिटून ती फळ्यापाशी गेली, कुठल्याशा लग्नाच्या हॉलचे आकडे पुसले आणि मोठ्या अक्षरांत ते नाव लिहिलं. लिहून झाल्यावर ती त्या नावाकडे पाठ करून उभी राहिली.

"हे," ती म्हणाली. "आणि ते सगळीकडून निघेल, नाहीतर उद्या मी नारिनच्या त्या माणसाला तुमच्या दारात आणून बसवते. सोबत तो फुटका कोमुझही, आमच्याच घरी पडलाय तो. त्याला चहा तुम्ही पाजा."

"क्लायंट गेला तर?"

"टोप्या विकू द्या त्याला. टोप्यांना नाव लागत नाही."

एर्मेक बायके काहीतरी कुटुंबाबद्दल बोलले. ती जागेवर जाऊन बसली आणि मथळ्यातून, ओळींतून, चित्रांखालून, न दिसणाऱ्या वर्णनातून एकेक करून ते नाव उपटत राहिली, न वाचता, फक्त आकारावरून ओळखून. त्यांनी अडवलं नाही. "पान खाली गेलं तर तुझ्यावर," एवढंच म्हणाले आणि मासा घेऊन आत गेले.

आणि पान खाली गेलं नाही. खरा वैताग पुढेच होता. नाव निघालं तरी शोधाच्या यंत्राला ते आठवत होतं. माणूस मेल्यावरही त्याच्या नावाने पत्रं येत राहावीत तसं ते नाव टाकलं की 'आसिल कोल' वर यायचं. रोज सकाळी चहाच्या आधी जिपारा बघायची. रोज टोप्या. तिने ज्यांना शेकडो वेळा सांगितलं होतं, "धीर धरा, याला वेळ लागतो," त्या सगळ्या दंतवैद्यांचे चेहरे तिला आता आठवायचे, आणि ते किती समजूतदार होते असं वाटायचं. मग तिने घरी, जेवणाच्या त्याच कापडावर संगणक ठेवून, सासऱ्यांचं स्वतःचं पान करायला घेतलं. आधी एनेंना विचारलं, "लिहिलेलं चालेल ना?" एने जरा वेळ चमच्याने जाम ढवळत राहिल्या. "लिहिताना तोंड उघडतं का? नाही ना. मग लिही." सासऱ्यांनी मात्र काही म्हणजे काही मदत केली नाही. फोटो काढू देईनात. "अताके, 'देशातला सर्वोत्तम कारागीर' असं लिहू?" "मी कुठे देशातल्या सगळ्यांचे बघितलेत?" "मग 'परंपरेचा वारसा'?" "कसला वारसा? बाप मेंढ्या राखायचा." "मग लिहू तरी काय?" ते पडद्याकडे बघत म्हणाले, "लिही, बंद आहे." तिने संगणक मिटला, अंगणात गेली, धुरकट थंडीत कुलूपबंद शेडसमोर उभी राहिली आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "या घरात कुणाला वर न्यायचं तर आधी त्याला जागेवरून उठवावं लागतं." शेजारणीने कुंपणावरून विचारलं, कुणाशी बोलतेस गं. प्रिंटरशी, ती म्हणाली.

शेवटी तिने जे होतं ते लिहिलं. गल्लीचं नाव, फाटकाचा रंग, जर्दाळूचं लाकूड, पोट कोरलेलं एकाच तुकड्यातून, चिकटवलेलं नाही. नेहमीच्या जादूतलं तिने काही घातलं नाही, आणि ते सचोटीने नव्हे. सासऱ्यांनी प्रत्येक विशेषण नाकारल्यामुळे पानावर नामंच तेवढी उरली होती. तिने संगीत शाळांना लिहिलं, दोन शाळांनी आपल्या पानांवर तिच्या पानाचा दुवा दिला. नारिनच्या माणसाला फोन केला. त्याने आधी शिव्या दिल्या, मग पानाखाली लांबलचक काहीतरी लिहून टाकलं, ज्यात म्हातारा आपल्याशी धड दोन शब्दही बोलला नाही पण खोटंही बोलला नाही असं होतं. बर्फ वितळायला लागलं तेव्हा ते पान दुसऱ्या जागेवर आलं. टोप्या अजून पहिल्या. तिने एनेंना दाखवलं. एनेंनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "पण दुसरं का?"

आणि तरीही फोन वाजेना. जिपाराने विचार केला, कोमुझ कोण शोधतं? गाडीवाले, मेंढपाळ, आज्या. ते टाइप करत नाहीत, फोनला तोंडाशी धरून बोलतात. म्हणजे बोलून बघायला हवं, बोललेलं नाव यंत्राला नीट कळतं का, कळून कुठे नेतं. आणि इथे सगळं येऊन ठेपलं. नवऱ्याला ते बोलायला सांगितलं, तर त्याच्या ट्रकच्या घरघरीत फोनला नावाऐवजी हवामानाचा अंदाज ऐकू आला. सासऱ्यांना सांगितलं. "मी स्वतःला हाका मारू?" ते म्हणाले. "वेड लागलंय?" दुपार होती. आतल्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी कुणालातरी चीत करत होतं. जिपारा स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसली, आणि तिला इतका थकवा आला की तिने कपाळ टेबलाला टेकलं. एने लसूण सोलत होत्या.

"काय म्हणायचंय त्या डबड्याला?"

"अताकेंचं नाव, एने. आणि पुढे 'कोमुझ'. एवढंच."

"मग?"

"मी कशी म्हणू?"

नवऱ्याला एनेंनी जन्मभर 'अहो', 'म्हाताऱ्या', 'पोरांचा बाप' अशीच हाक मारली होती. रागात असल्या की तेही नाही, नुसती भांडी. लग्न झालं तेव्हा त्या सतरा-अठराच्या असतील. जिपाराला अचानक वाटलं की आपल्या आयुष्यातली ती पोकळी एवढीशी आहे. या बाईच्या आयुष्यात ती घरभर आहे, आणि त्यांनी तिच्याभोवतीच भिंती बांधून संसार केला. एनेंनी लसूण बाजूला सारला, हात पुसले, रुमाल नीट केला, जणू फोनमधून कुणी बघणार होतं. "दे इकडे," त्या म्हणाल्या. "कुठे बोलायचं?" जिपाराने बोट दाखवलं. एने वाकल्या, आणि हळू नाही, दरीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा मोकळ्या आवाजात म्हणाल्या:

"तोक्तोसुन."

'कोमुझ' म्हणायला त्या विसरल्या. घरात नाव तसंच लोंबकळत राहिलं. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद झाला. मग खुर्ची सरकली, आणि दारात सासरे उभे राहिले, मोजे घातलेले, एक बाही वर गेलेली, केस उशीने चपटे झालेले. जिपाराने त्यांचा असा चेहरा कधी बघितला नव्हता. एखाद्या मुलाला वर्गात पहिल्यांदा नावाने पुकारल्यावर होतो तसा.

"काय गं?" ते म्हणाले.

एनेंचे कान लाल झाले होते. "तुम्हाला नाही बोलावलं. फोनला सांगत होते."

"फोनचंही नाव तेच आहे का?"

"आता आलाच आहात तर बसू नका पुन्हा," एने लसणाकडे बघत म्हणाल्या. "एवढ्या लांबून बोलावून आणलंय."

सासऱ्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, दारातले बूट पायात सरकवले, आणि शेडची किल्ली कुठे ठेवली हे कुणालाही न विचारता स्वतःच कपाटावर चाचपायला लागले. टेबलावरचा फोन इतका वेळ उजळून वाट बघत होता. आता तो एका बाईच्या गोड, निर्विकार आवाजात म्हणाला की ऐकू आलं नाही, कृपया पुन्हा बोला.

जिपाराने एनेंकडे बघितलं.

"त्याला सांग," एने लसणाची पाकळी सोलत म्हणाल्या, "एकदा म्हटलं, तेवढं पुरे."